नाममुद्रा आणि मानधन : वऱ्हाडातले गाणे नेमके कोणाचे?

१/ अकोल्यातील लग्नाचा व्हिडिओ असो वा अमरावतीच्या खाद्यभ्रमंतीचा. मागे लोकप्रिय गीत, खाली ‘श्रेय मूळ मालकांना’ ही ओळ आणि मध्ये जाहिराती, हा आता शिरस्ता झाला आहे. श्रेय दिले की ऋण फिटले, ही समजूत सर्वत्र आढळते. तिचे एक मूळ आपल्या परंपरेतही सापडते.

२/ संतकवी अखेरच्या चरणात आपले नाव गुंफत. यावलीत १९०९ साली जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांत ‘तुकड्यादास’ ही नाममुद्रा येते. खंजिरी घेऊन कोणीही गावे, नाव तेवढे गाळू नये, हा संकेत. त्या बैठकीत कमाईचा प्रश्न नव्हता. म्हणूनच नाव पुरेसे होते.

३/ १९३२ साली अमरावतीत जन्मलेले सुरेश भट यांचे उदाहरण वेगळे. ‘मेंदीच्या पानावर’चे शब्द त्यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, स्वर लता मंगेशकरांचा. शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण या तिन्हींवर कायदा स्वतंत्र हक्क मानतो. ‘मूळ मालक’ एकच असतो, हाच पहिला भ्रम.

४/ १९५७ च्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर ५० वर्षे संरक्षण होते. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० वर्षे झाली. त्यामुळे तुकडोजी महाराजांच्या (निधन १९६८) हयातीत प्रकाशित रचनांना २०२८ अखेरपर्यंत, तर भटांच्या (निधन २००३) अशा रचनांना २०६३ अखेरपर्यंत संरक्षण आहे.

५/ ‘पैसा तर कंपनीलाच जातो’ हा आक्षेप निराधार नाही. १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने चित्रपटगीतांच्या हक्कांत निर्मात्याचे पारडे जड केले. २०१२ च्या दुरुस्तीने मात्र गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतील वाटा असा राखला की, तो करारानेही सोडून देता येत नाही. फुकट वापरलेल्या गाण्यातून हा वाटाही बुडतो.

६/ लग्नाच्या वरातीत गाणे वाजवण्यास कायद्यात सूट आहे. तोच प्रसंग व्हिडिओत बांधून त्यावर जाहिराती घेणे ही निराळी गोष्ट. ‘दहा सेकंद चालतात’ असा नियम कायद्यात कोठेही नाही. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा ध्वनी ओळखते, खालची श्रेयाची ओळ वाचत नाही. हक्कधारक व्हिडिओ अडवू शकतो किंवा जाहिरातीचे उत्पन्न स्वतःकडे वळवू शकतो.

७/ परवाना कोठे मिळतो हेच छोट्या चॅनेलवाल्याला उमगत नाही, ही तक्रार खरी आहे; ती प्रक्रिया सोपी व्हायलाच हवी. पण मार्ग बंद नाहीत. गाडगेबाबा कीर्तनात तुकोबांचे अभंग सांगत. ते शब्द आजही सर्वांचे आहेत. फक्त दुसऱ्याचे ध्वनिमुद्रण न उचलता आपला गळा आणि आपली खंजिरी वापरावी.

८/ नाममुद्रा हा आदर आहे, मोबदला नव्हे. जेथे गाणे कमाई करून देते, तेथे नावासोबत वाटाही पोहोचला पाहिजे.