थेन, कल्वा आणि आईची बाराखडी

मागच्या रविवारी दादाच्या सहा वर्षांच्या पोराला घेऊन लोकलने ठाण्याहून घरी येत होतो. साहेब हल्ली दिसेल ती पाटी वाचतात. ठाण्याची इंग्रजी पाटी वाचली, "थेन!" पाच मिनिटांत कळवा आलं, तर "कल्वा!" डब्यातले लोक हसले, मीही हसलो. पण पोराचं काय चुकलं? त्याला शाळेत फोनिक्स शिकवतात. शेवटचा ई गप्प बसतो आणि मधल्या 'ए'चा उच्चार बदलतो, हा नियम त्याने इमानदारीत लावला. आणि 'ळ'ला इंग्रजीत अक्षरच नाही. आपल्या गावाचं तर स्टेशनवर 'व्ही' आणि दुकानांच्या पाट्यांवर 'डब्ल्यू'!

आमच्या घरात यावरून दोन पक्ष आहेत. आईचं म्हणणं, "सी ए टी कॅट घोकूनच तुम्ही दोघं इंजिनिअर झालात ना?" वहिनी म्हणते, आधी आवाज, अक्षरांची नावं नंतर. शाळेने पालकसभेत सांगितलंय, घरी तुमच्या पद्धतीने शिकवू नका. झालं! रोज संध्याकाळी नातवाला घेऊन बसणारी आई आता टीव्ही बघत बसते. मला खटकतं ते हे.

पद्धतीचं म्हणाल तर वहिनी बरोबर आहे. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली आधीचे बरेच अभ्यास तपासून पद्धतशीर फोनिक्सचा फायदा होतो असंच सांगितलं. इंग्लंडमध्ये २०१२ पासून लहान मुलांची फोनिक्सची चाचणीच घेतात. चाळीस शब्द, त्यातले निम्मे चक्क निरर्थक! म्हणजे पाठांतर चालणार नाही, आवाज जोडूनच वाचायचं.

पण लिहिताना गाडी अडते. पोराने 'सेड' लिहिलं एस-ई-डी. लाल फुली! आवाजाप्रमाणे लिहायला शिकवायचं आणि तसं लिहिलं की मार्क कापायचे, हा कुठला न्याय? असे शब्द शेवटी लक्षातच ठेवावे लागतात, आणि तिथे आईचं घोकणं उपयोगी पडतं. आपली मराठी तरी कुठे पूर्ण उच्चाराप्रमाणे आहे? चाक आणि चंद्र, दोन वेगळे 'च', पण अक्षर एकच. 'कवी'तला 'वी' दीर्घ, हे कानाला कळत नाही, नियम म्हणून शिकावं लागतं.

आणि गंमत बघा, बाराखडी म्हणजे तरी काय? आवाज आणि खूण यांची जोडीच की! फरक एवढाच की आपल्या 'क'मध्ये 'अ' दडलेला असतो, म्हणून आपली मुलं कॅट फोडताना "क-ॲ-ट" असं पूर्ण म्हणतात आणि शब्द जुळतच नाही.

परवा मी आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग पाय मोड की त्यांचे!" आणि पाटीवर लिहिलं: क् ॲ ट्. पोराने एका दमात वाचलं. वहिनीही बघत होती.

शाळेने आवाज जरूर शिकवावेत. फक्त आजीला वर्गाबाहेर उभं करू नये. तिला यातलं बरंच आधीपासून येतं.

असो. पुढचं स्टेशन मुंब्रा, तिथे काय वाचतो बघू!