अंगणातली कॉन्टेसा



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. पण गेले दोन महिने एकाच विषयावर इतके फोन येताहेत की प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हटलं. विषय अर्थातच आमचा भाचा आणि त्याची कॉन्टेसा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भाचा सत्तावीस वर्षांचा. पूर्वेला वालीवच्या एका गाळ्यात नोकरी करतो. वर्षापूर्वी त्याने १९९१ सालची, एमएच ०४ नंबरची एक कॉन्टेसा विकत घेतली. कुणाच्या तरी वाडीत चिंचेखाली अनेक वर्षं उभी होती. ती आता ताईच्या अंगणात, ताडपत्रीच्या शेडमध्ये विटांवर चढवून ठेवली आहे आणि भाचेबुवा तिची 'मसल कार' करताहेत. ताई म्हणते, "याला समजाव." दादा म्हणतो, "भंगारात दे म्हणावं, चार पैसे तरी येतील." पुण्याची मावशी विचारते, "एवढ्या पैशात नवी गाडी नसती का आली?" आणि भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही तरी माझ्या बाजूने बोला."

तर बोलतो. दोन्ही बाजूंनी बोलतो.

आधी मसल कार म्हणजे काय ते सांगतो, कारण ताईला वाटतं ही व्यायामशाळेतली काहीतरी भानगड आहे. :) साठच्या दशकातली ही अमेरिकन कल्पना. मध्यम आकाराची, सर्वसामान्य घराला परवडेल अशी गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन बसवायचं. १९६४ साली आलेली पॉन्टिॲक जीटीओ ही पहिली खरी मसल कार असं बहुतेक लोक मानतात. तिचं इंजिन जवळजवळ ६.४ लिटरचं होतं आणि ताकद ३२५ हॉर्सपॉवर. गंमत म्हणजे जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता, की मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टिॲकच्या मंडळींनी ३८९ घनइंचांचं इंजिन 'जादा पर्याय' म्हणून यादीत घुसवलं आणि नियमाला बगल दिली. म्हणजे या गाड्यांचा जन्मच नियमातल्या फटीतून झालेला! पुढे प्रदूषणाचे कायदे आले, विम्याचे हप्ते वाढले, १९७३ साली तेलाचं संकट आलं आणि हे पर्व आटोपलं.

आता आपली कॉन्टेसा. ती मूळची ब्रिटनमधल्या व्हॉक्सहॉलची. तिकडे ते मॉडेल बंद पडल्यावर हिंदुस्तान मोटर्सने साचे आणून १९८४ पासून कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला ती बनवायला घेतली. व्हॉक्सहॉलही तेव्हा जनरल मोटर्सचीच, म्हणजे नात्याने ही जीटीओची चुलत बहीणच लागते. लांब नाक, रुंद खांदे, मागच्या चाकांना ताकद. रूप अगदी तसंच. पण सुरुवातीला आत काय बसवलं, तर ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं, पन्नासेक हॉर्सपॉवरचं इंजिन. पैलवानाच्या देहात कारकुनाचा जीव. नंतर इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा कुठे ती जरा पळायला लागली. २००२ मध्ये तीही बंद झाली. भारतात घरच्या घरी मसल कार करायची म्हटली की पोरं कॉन्टेसाकडे का वळतात, ते यावरून लक्षात यावं.

आता माझं पहिलं मत, आणि हे ताई, दादा आणि मावशी तिघांसाठी. हे काम वाया जाणारं नाही.

वसईत जुनी गाडी उभी करणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळतं. खारा वारा पत्रा आतून खातो. वरून रंग चकाचक, बोटाने दाबलं की बोट आरपार. त्यात आपले पावसाळे. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी आलं, गाड्या बंद पडल्या, वसईत कितीतरी घरांत पाणी होतं, ते आठवत असेल. अशा प्रत्येक पाण्याने जुन्या गाडीच्या तळाचा थोडा थोडा घास घेतलेला असतो. भाच्याने कार्पेट उचललं तेव्हा पायाखालच्या पत्र्याची अक्षरशः चाळणी झालेली होती. पोराने सडलेला भाग कापला, नवा पत्रा बेतला, ठोकून वळवला, वेल्ड केला, घासला, रेड ऑक्साईड मारलं. दारं उघडताना लोंबायची म्हणून बिजागऱ्यांच्या पिना लेथवर करून घेतल्या. पिन करून देणारा टर्नर सातिवलीचा, साठीचा माणूस. त्याने पैसे घेतले ते घेतले, वर भाच्याला दोन तास उभं करून मायक्रोमीटर धरायला शिकवलं. डेंटरकाकांनी लांबी कमी आणि हातोडी जास्त कशी वापरायची ते दाखवलं. लांबी भरून खड्डा कुणीही लपवतो, पत्रा ठोकून मूळ रेषेवर आणणं ही विद्या आहे.

आपल्या पूर्वेच्या गाळ्यांमध्ये ही विद्या अजून शिल्लक आहे. पण ती माणसं म्हातारी होत चालली आहेत. आज गाडीचा दरवाजा चेपला की बहुतेक वेळा आख्खा दरवाजा बदलतात. ठोकायला लागत नाही, तसं शिकायलाही कुणी येत नाही. तेव्हा आपल्या घरातला एक मुलगा रविवारी सकाळी मोबाईल बाजूला ठेवून तीन म्हाताऱ्यांकडून हातातलं काम शिकतो आहे, याचे जे पैसे लागले ते मी फीमध्ये धरतो. मावशी, नवी गाडी आली असती हे खरं, पण तिचं बॉनेट उघडायची हिंमत कुणाला झाली असती?

आता दुसरं मत. हे भाच्यासाठी आहे आणि त्याला ते आवडणार नाही.

पत्र्यापर्यंत सगळं ठीक होतं. पुढचा बेत असा आहे की मागची दोन दारं वेल्ड करून बंद करायची, म्हणजे गाडी अमेरिकन पद्धतीने दोन दारांची दिसेल, आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जपानी, सहा सिलिंडरचं, तीन लिटरचं इंजिन आणून बसवायचं. इथे मी थांब म्हणतो.

कारण एक, कायदा. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हेच ठामपणे सांगितलं. रंग बदला, किरकोळ गोष्टी लावा, पण मूळ ढाच्याला हात नको. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते. तिथे इंजिन नंबर जुळला नाही, दारं चाराची दोन झाली, तर ही गाडी रस्त्यावर यायचीच नाही. वर्षाची मेहनत अंगणातला शोपीस होऊन बसेल.

कारण दोन, वेळ. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. अट एकच पण कडक: गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. १९९१ ची ही कॉन्टेसा २०४१ साली पन्नाशी गाठेल. तेव्हा भाचा पन्नाशीचाही नसेल. आज दारं बंद केली तर ती वाट कायमची बंद. पत्रा जोडता येतो, कापलेलं मूळपण जोडता येत नाही.

पण मंडळी, भाच्याची एक तक्रार मला पटते, आणि हा लेख लिहायचं खरं कारण तेच आहे. तो म्हणतो, "मामा, पन्नास वर्षांची असेल तर ती वारसा, नाहीतर ती भंगार. मधल्या गाडीवर प्रेम करणाऱ्याने काय करायचं? आणि नवीन काही करून बघणाऱ्याने?"

सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे आठवा. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून मुलासाठी एक छोटी चारचाकी बनवली. सुरू करायला दुचाकीसारखी किक, खर्च साधारण साठ हजार. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी मनापासून कौतुक केलं, पण ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील हेही लिहिलं. त्यांनी बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळालीसुद्धा. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण नंतर विचार करताना वाटत राहिलं, की आपण त्या माणसाला कारखान्यात बनलेली गाडी दिली. त्याने बनवलेली गाडी तपासून, काय सुधारायला हवं ते सांगून, रस्त्यावर आणायची वाट मात्र देऊ शकलो नाही. कारण ती वाटच नाही.

ब्रिटनमध्ये ती आहे. २००९ पासून तिथे एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते. घरी, हौसेने बनवलेल्या गाड्यांचा त्यात वेगळा वर्गच आहे. निरीक्षक ब्रेक, दिवे, पट्टे, धूर, आवाज, धारदार कडा, सगळं बघतो. बसली नियमात तर पास, नाहीतर काय चुकलं त्याची यादी हातात, दुरुस्त करून परत या. आपल्याकडे गाड्यांना मान्यता देणारी पुण्याची एआरएआय १९६६ पासून आहे, म्हणजे तपासायची अक्कल आपल्याकडे नाही असं नाही. पण ती सगळी व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कंपन्यांसाठी. एका गाडीच्या माणसाला तिथे दार नाही.

आणखी एक गंमत बघा. याच कॉन्टेसात मान्यताप्राप्त किट घालून तिची विजेवरची गाडी केली तर कायदा परवानगी देतो. म्हणजे 'फेरफार' हा शब्दच निषिद्ध आहे असं नाही. तपासून मान्यता द्यायची पद्धत ठरवली की फेरफारही चालतो. मग ती पद्धत इतरांसाठीही ठरवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

नियमच नकोत असं मी अजिबात म्हणत नाही. जीटीओला १९६४ साली चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पळायची ताकद आधी आली, थांबायची अक्कल नंतर. वसई स्टेशनबाहेर संध्याकाळी सातला रिक्षा, भाजीवाले आणि शाळेची मुलं यांच्यामधून तसली गाडी यावी असं मला मुळीच वाटत नाही. फटफट आवाजाचे सायलेन्सर जप्त करून पोलीस त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात, तेव्हा मी टाळ्या वाजवणाऱ्यांतला. हौस आपली आणि कान शेजाऱ्याचे, हे चालायचं नाही. म्हणूनच तर तपासणी हवी. बंदी असली की लोक चोरून करतात, आणि चोरून केलेल्या कामाचे ब्रेक कुणीच बघत नाही.

तर भाचेबुवा, मामाचा निकाल असा. चारही दारं राहू देत. इसुझूचंच इंजिन खोल, रिंगा-बेअरिंगं बघ, हेड घासून घे, त्या इंजिनात जेवढा जीव आहे तेवढा बाहेर काढ. ब्रेकवर सगळ्यात जास्त पैसे घाल. रंग हवा तो दे, नियमाप्रमाणे नोंदवून घे, बॉनेटवर पांढरे पट्टे मार, मी तक्रार करणार नाही. पुढच्या तपासणीला ती आरटीओच्या दारातून ताठ मानेने आत जायला हवी.

आणि ताई, पोराला रागावू नकोस. अंगणात ग्रीसचे डाग पडलेत हे मान्य, पण त्याच्या हातावर जे घट्टे पडलेत ते बघ. ते टिकणारे आहेत.

तुमच्यापैकी कुणी घरी जुनी गाडी उभी केली असेल, फियाट, जीप, अगदी लॅम्ब्रेटासुद्धा, तर जरूर कळवा. आणि कॉन्टेसाची मूळ टेललाईट कुणाच्या माळ्यावर पडली असेल तर त्याआधी कळवा. डाव्या बाजूची हवी आहे.