पुलाच्या पोटातला गंज

५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. १९७० साली झालेला पूल, जेमतेम सोळा वर्षे टिकला! लोक पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिले.

कारण काय? काँक्रीटच्या पोटातल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. खाऱ्या हवेत लोखंडाचे काय होते, हे रापणकाराला इंजिनियरने सांगायला नको. नांगराची साखळी तो दर मोसमात हात लावून पाहतो. पण पुलातल्या तारेला हात लागत नाही. ती नळीत ओवतात, ताणतात, मग नळीत सिमेंटचे पातळ कालवण दाबाने भरतात. मध्ये पोकळी राहिली की तिथे ओल शिरते, आणि बाहेरून रंग लावलेला पूल नवाकोरा दिसत राहतो. म्हणजे पारख करायची ती भरतानाच. नंतर पाहणी करून फारसे हाती लागत नाही.

काँक्रीटचेही तेच. काम चालू असताना त्यातूनच पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे भरायचे, पाण्यात ठेवायचे आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात दाबून फोडायचे. किती भार सोसला, त्यावर कामाची जात ठरते. नियम उत्तम आहे. आमच्या शाळेजवळच्या साकवाच्या वेळी मात्र मी वेगळेच पाहिले. ठोकळ्यांसाठी सिमेंट जास्त घालून निराळा घाणा कालवला, साकवात पडला तो दुसराच! मी विचारले, तर उत्तर मिळाले, ‘मास्तर, तुम्ही पोरे शिकवा.’ ठोकळे अर्थातच पहिल्या वर्गात पास झाले. साकवाच्या कठड्याची सळई तिसऱ्या पावसाळ्यात बाहेर आली.

खाजनाचा बांध आपले वाडवडील असा बांधत नव्हते. बांध फुटला तर खारे पाणी ज्याच्या शेतात शिरणार, तोच चिखल थापताना उभा असे. मानशीची फळी कुजली का, हे कागदावर कोणी लिहीत नसे, पण माहीत सर्वांना असे. सरकारी कामात तपासणाऱ्याचे शेत बुडत नाही, हीच खरी गोम आहे.

तेव्हा, बांधवांनो, पूल पडल्यावर मोर्चे काढण्यापेक्षा काँक्रीट पडताना तिथे जाऊन उभे राहा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सरकारी कामाची पाहणी करण्याचा आणि मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क नागरिकाला दिला आहे. नुसती कागदाची नक्कल नव्हे, प्रत्यक्ष माल! हे गावात दहा जणांनाही ठाऊक नसते. अर्ज साध्या मराठीत चालतो: अमुक साकव, अमुक तारखेचे ठोकळे, त्यांचा अहवाल आणि नमुना मिळावा. उत्तराची मुदत तीस दिवस. पंचायतीने एवढीच जादा मागणी धरावी, की ठोकळे गावच्या दोन माणसांसमोर, चालू घाण्यातूनच भरावेत आणि निकाल कामावरच्या फळ्यावर मराठीत लिहावा.

अर्ज कसा लिहायचा ते अडले, तर शाळा सुटल्यावर या. कागद आणि शाई माझी.