कोबी वर्ज्य आणि सैंधव पथ्य?

थायरॉईडचा रुग्ण चिकित्सालयातून बाहेर पडतो तो कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी वर्ज्य असा कागद घेऊन. अलीकडे त्याच कागदावर ‘साधे मीठ बंद, सैंधव सुरू’ हीही ओळ दिसू लागली आहे. आमचा आक्षेप या दोन ओळी एकत्र येण्याला आहे.

कोबीवरील संशय निराधार नव्हे. १९२८ साली जॉन्स हॉपकिन्स येथे चेस्नी व त्यांच्या सहकाऱ्यांना कोबीवर पोसलेल्या सशांत गलगंड आढळला. कोबी चिरताना वा चावताना मायरोसिनेज हे विकर मोकळे होते आणि थायोसायनेटसारखी द्रव्ये निर्माण होतात; ती ग्रंथीत जाणाऱ्या आयोडीनला अडवतात. पण उष्णतेने हे विकर निकामी होते, आणि कोशिंबिरीपलीकडे आपल्याकडे कोबी कच्चा खातो कोण?

बाजरीतील फ्लेव्होनॉइड द्रव्ये मात्र शिजवूनही पुष्कळशी टिकतात. सुदानच्या दार्फूर भागातील गलगंडाशी त्यांचा संबंध जोडला गेला. कांगोतील इद्ज्वी बेटावर तोच दोष कसाव्याकडे गेला. (आपला साबुदाणा याच कंदाचा, परंतु स्टार्च धुऊन काढताना त्यातील विषारी अंश बहुतांश निघून जातो.) दोन्ही ठिकाणी ते रोजचे मुख्य अन्न होते आणि आहारात आयोडीन अत्यल्प. ही न्यूनता नसेल तर असे अन्न सहसा बाधत नाही.

म्हणूनच सैंधवाचा प्रश्न कोबीपेक्षा मोठा आहे. चरकाचार्यांनी लवणांत सैंधव श्रेष्ठ मानले, ते आम्हांस शिरोधार्य आहे. हिंग्वष्टकातील सैंधवाविषयी आमचे काही म्हणणे नाही. प्रश्न स्वयंपाकघरातील मिठाचा आहे. सैंधवात निसर्गतः आयोडीन नगण्य असते. आयोडीनयुक्त मिठात ग्राहकापर्यंत पोहोचताना किमान १५ पीपीएम, म्हणजे १० ग्रॅममध्ये १५० मायक्रोग्रॅम आयोडीन असावे लागते. प्रौढाची दैनंदिन गरज नेमकी तेवढीच. गर्भिणीची गरज २५० मायक्रोग्रॅम, आणि ‘सात्त्विक’ म्हणून सैंधवाचा आग्रह तिलाच अधिक होतो! गर्भाच्या मेंदूची वाढ मातेच्या संप्रेरकावर अवलंबून असते, हे आपण पदवीपूर्व वर्गातच शिकलो आहोत.

पथ्यच सांगायचे तर लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्यास सोयाबीन आणि गोळी यांत काही तासांचे अंतर ठेवण्यास सांगावे. सोयाने गोळीचे शोषण घटते. औषधालयचालकांनीही सैंधवाची पुडी देताना ती औषधासाठी की रोजच्या आमटीसाठी, एवढे विचारावे. गिऱ्हाईक गर्भिणी असेल तर आयोडीनयुक्त मिठाची पिशवी पुढे करावी.