विशेषणामागून येणारें अव्यय

निर्मळ (वसई) येथील एका वाचक भगिनींनी विचारिलें आहे कीं, त्यांच्या पुतण्यानें कचेरींत रजेचा अर्ज देतांना 'टायर्ड ऑफ माय वर्क' असें लिहिलें, तेव्हां वरिष्ठांनीं त्यास बोलावून 'नोकरी सोडावयाची आहे काय?' असा प्रश्न केला. मुलाचें चुकलें कोठें?

चुकलें तें एवढ्याशा 'ऑफ'मध्यें. कामानें शरीर थकलें असतां 'टायर्ड फ्रॉम' किंवा 'टायर्ड आफ्टर' म्हणावें. 'टायर्ड ऑफ' म्हणजे त्या कामाचा वीट आला! बिचाऱ्यानें चार दिवसांची विश्रांति मागितली आणि साहेबांनीं वाचला राजीनामा.

अशा चुकांचें मूळ, आमच्या मतें, आळसांत नसून मराठींत आहे. आपण मनांत विभक्तिप्रत्यय धरतों व त्यास इंग्रजी जोडीदार शोधीत बसतों. 'त्याच्यावर रागावलों' यांतील 'वर' आपणांकडून 'अँग्री ऑन' लिहवितो. वास्तविक राग माणसाचा असेल तर 'विथ' किंवा 'ॲट', गोष्टीचा असेल तर बहुधा 'अबाउट'. 'त्याच्याशीं लग्न झालें' यांतील 'शीं'मुळें 'मॅरिड विथ' होतें. तेथें 'टु' पाहिजे. 'पेक्षां' तर फारच फसवा. सीनिअर, ज्युनिअर, सुपीरिअर, इन्फीरिअर हीं विशेषणें लॅटिनमधून तुलनेचा अर्थ घेऊनच आलीं. त्यांस 'दॅन' चालत नाहीं, 'टु' लागतें. परावलंबी माणूस 'डिपेंडंट ऑन', पण स्वतंत्र झाला कीं 'इंडिपेंडंट ऑफ'; 'पासून' आठवून तेथें 'फ्रॉम' घालूं नये. आणि 'गुड' पाहा: मुलगा गणितांत 'गुड ॲट', दूध प्रकृतीस 'गुड फॉर', सासू सुनेशीं 'गुड टु'. विशेषण एकच, अव्यय बदललें कीं अर्थ बदलला.

वसईकरांस हा विषय परका नसावा. 1836 सालीं 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग यांचें तर्खडकर हें आडनांव वसईजवळील तर्खड गांवावरूनच पडलें. मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकविणारी भाषांतर-पाठमालाही तर्खडकरांच्याच नांवाची. तिची रीत अशी कीं नियम थोडे, वाक्यें पुष्कळ. आणि अव्ययें तर वाक्यांतूनच अंगवळणीं पडतात. म्हणून मुलांनीं नुसतें 'अफ्रेड' न लिहितां 'अफ्रेड ऑफ' असें जोडीनेंच वहींत उतरावें. हॉर्नबी यांच्या ऑक्सफर्ड कोशांत विशेषणाबरोबर येणारें अव्यय दिलेलें असतें, तें पाहावें. घरांत मुलें पुष्कळ असल्यास एकानें विशेषण म्हणावें व दुसऱ्यानें अव्यय सांगावें. भेंड्यांइतकाच हाही खेळ रंगतो.

एक सवलत मात्र ठेवावी. 'डिफरंट'पुढें 'फ्रॉम' सर्वमान्य आहे. परंतु इंग्लंडांत 'टु' आणि अमेरिकेंत 'दॅन' हींही सर्रास चालतात. तेव्हां नातवानें 'डिफरंट टु' लिहिल्यास आजोबांनीं लागलीच त्याचा कान धरूं नये.