रद्दीवाल्याच्या तराजूत न मावणारे

जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधून रद्दीवाल्याची वाट पाहणे मराठी घराला कोणी शिकवावे लागले नाही. जुन्या कपड्यांवर भांडे देणारी बोहारीण आणि फुटके पातेले मोडीत घेऊन नवे देणारा तांबट आपल्या ओळखीचे होते. ‘पुनर्चक्रीकरण’ हा जडजंबाल शब्द नंतर आला. त्याच्या आजच्या गजरात सामील होण्यापूर्वी त्यातील दाणे आणि फोलपटे वेगळी करून पाहणे अगत्याचे आहे.

धातूंविषयी शंकेला जागा नाही. खनिजापासून अॅल्युमिनियम मिळवण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत भंगारातील अॅल्युमिनियम पुन्हा उपयोगात येते. काचही वारंवार वितळवता येते. कागदाचे तंतू मात्र प्रत्येक फेरीत आखूड होतात आणि काही फेऱ्यांनंतर निरुपयोगी ठरतात.

प्लास्टिकपाशी हे गणित पार कोलमडते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार, २०१५ पर्यंत निर्माण झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी अवघ्या ९ टक्क्यांचे पुनर्चक्रीकरण झाले होते. पाण्याच्या बाटलीची पुन्हा बाटलीच होते असे नाही. पुष्कळदा तिचा धागा होतो, धाग्याचे कापड होते आणि ते धुताना सूक्ष्म तंतू सांडपाण्यात उतरतात. वेफर्सच्या चकचकीत, बहुपदरी पाकिटाला तर भंगारवालाही हात लावत नाही. तरीही पाकिटावरचे तीन बाणांचे चिन्ह पाहून आपण निर्धास्त होतो. हे चिन्ह म्हणजे जणू पापक्षालनाची पावतीच!

आणि या चक्राला हात कोणाचे लागतात? पुण्यातील कचरावेचकांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन केली. त्यातूनच २००८ साली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. या कामात बहुसंख्येने भगिनीच आहेत. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणे २०१६ च्या केंद्रीय नियमांनी बंधनकारक केले. पण सुशिक्षितांच्या कित्येक सोसायट्यांतून आजही एकच पिशवी बाहेर पडते. खरकट्यात भिजलेला कागद रद्दीच्या भावाचा राहत नाही, म्हणजे आपल्या आळसाची किंमत त्या भगिनीच्या दिवसाच्या मिळकतीतून वजा होते. फुटलेल्या काचेने तिचा हात कापतो, तो वेगळाच. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, एवढीच विनंती या कष्टकरी भगिनींनी पुणेकरांना केली होती. त्यासाठी लागते एक जुने वर्तमानपत्र आणि एक लाल पेन.