हप्ता मोटारीचा, चालकाचा नव्हे

मोटारविम्याचे नूतनीकरण करताना बहुतेकांची नजर एकाच आकड्यावर असते : एकूण हप्ता किती? दोन-चार कंपन्यांचे दर ताडून पाहायचे आणि त्यांतला सर्वांत स्वस्त विमा घ्यायचा, असा शहरी मोटारधारकांचा प्रघात आहे. मात्र हा आकडा कसा ठरतो हे तपासले, तर स्वस्त हप्ता नेहमीच फायद्याचा नसतो, हे ध्यानात येते. शिवाय मोटार चालवणारा किती जबाबदारीने चालवतो, या प्रश्नाला त्या हिशेबात फारसे स्थानच नसल्याचेही दिसते.

हप्त्याचे दोन मुख्य भाग असतात. पहिला तृतीय पक्ष विम्याचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार तो बंधनकारक आहे. त्याचे दर कंपन्या नव्हे, तर सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी मोटारीसाठी वार्षिक हप्ता एक हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये, दीड हजारांपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये ठरला. निकष इंजिनाच्या क्षमतेचा. वर्षाला तीन हजार किलोमीटर फिरणारा निवृत्त गृहस्थ आणि तीस हजार किलोमीटर धावणारा विक्री प्रतिनिधी या कोष्टकात एकाच ओळीत बसतात.

दुसरा भाग स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा. २००६ अखेरपर्यंत हाही ठरावीक दरपत्रकानुसार आकारला जाई. १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांना दरस्वातंत्र्य मिळाले आणि सवलतींची स्पर्धा सुरू झाली. मोटारीचे मॉडेल, वय, सुट्या भागांची किंमत, चोरीचा धोका आणि नोंदणीचे शहर यांवर हा हप्ता ठरतो. जुन्या दरपत्रकात मुंबई व पुणे यांसह आठ महानगरे चढ्या दराच्या गटात होती. नागपूर, नाशिक दुसऱ्या गटात.

ग्राहकाची गफलत होते ती विमा घोषित मूल्यात. मोटार चोरीस गेली वा दुरुस्तीपलीकडे गेली, तर भरपाई याच मूल्याच्या आधारे मिळते. घसाऱ्याच्या प्रचलित कोष्टकानुसार तीन वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीच्या सूची किमतीतून ४० टक्के वजा होतात. म्हणजे आठ लाखांच्या मोटारीचे मूल्य ४ लाख ८० हजार. हेच मूल्य चार लाख दाखवले, की हप्ता उतरतो आणि ग्राहक खूश होतो. मात्र ऐन संकटात तोच ग्राहक ८० हजारांना मुकतो.

‘नो क्लेम बोनस’ची गोष्टही अशीच. पहिल्या दावामुक्त वर्षानंतर २० टक्के, तर सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के सवलत मिळते. एक दावा केला, की सहसा ती शून्यावर येते. म्हणूनच किरकोळ खरचट्यांचा खर्च पदरचा करणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. पण हे बक्षीस दावा न करण्याचे आहे, सुरक्षित चालवण्याचे नव्हे. रोज सिग्नल मोडणारा ५० टक्के सवलत उपभोगतो. उभ्या मोटारीला कुणी अज्ञाताने धडक दिली म्हणून दावा करणारा मात्र ती गमावतो.

या विसंगतीची जाणीव नियामकांना नाही असे नाही. जानेवारी २०२१ मध्ये विमा प्राधिकरणाच्या कार्यगटाने वाहतूक नियमभंगावर आधारित हप्त्याची शिफारस केली होती. जुलै २०२२ मध्ये मोटारीचा वापर आणि चालवण्याची पद्धत यांवर आधारित पर्यायांना परवानगी मिळाली. तीही केवळ स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीपुरती. या वाटेत चालकाच्या खासगी माहितीच्या सुरक्षेचा प्रश्न आहेच आणि तो गंभीर आहे. तरीही ज्या तृतीय पक्ष विम्याचा थेट संबंध रस्त्यावरील इतरांच्या जिवाशी आहे, त्याच्या हिशेबातून बेदरकारपणा वगळणे समर्थनीय नाही. तो बदल होईपर्यंत ग्राहकाने एवढे तरी करावे : हप्त्याचा आकडा पाहण्याआधी घोषित मूल्याचा आकडा पाहावा.